फोटोची पाठ

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीतला पूर ओसरला, तेव्हा आत्याच्या घरातला चिखल काढायला आम्ही साताऱ्याहून चौघे गेलो होतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तळमजल्यावरच्या कपाटाचा वरचा खणसुद्धा कोरडा राहिला नव्हता. गाद्या, धान्य, पुस्तके, मिक्सर यांचा दारात ढीग लागला. त्या ढिगावर जाता जाता एक पत्र्याची पेटी माझ्या हाती आली. आत फोटो होते. साठेक असतील, पण ते आता साठ फोटो राहिले नव्हते, त्यांची एक ओली वीट झाली होती.

"उन्हात टाक, वाळतील," आत्या म्हणाली. कुणीही हेच सांगेल, आणि इथेच घात होतो. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की फुगतो, खरवसासारखा मऊ होतो, आणि तसाच वाळू दिला तर शेजारच्या फोटोला कायमचा धरून बसतो. म्हणून परातीत स्वच्छ गार पाणी घेतले, वीट त्यात बुडवून ठेवली आणि तासाभराने एकेक फोटो कडेकडेने सोडवायला बसलो. बरेच सुटले. एका फोटोवर मात्र माझा अंगठा जरा जोरात टेकला. उचलला तेव्हा त्याला काळपट साय चिकटलेली होती. खाली कागदावर नऊवारीतली एक मुलगी उभी होती, हात कठड्यावर, मागे रंगवलेला पडदा, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा कागद.

तो फोटो मी उलटून पाहिला. पाठीवर शाईने काही लिहिले होते, त्याचा निळा ढग झाला होता. जांभळ्या शिक्क्यातले शेवटचे एक अक्षर तेवढे उरले होते, 'ड'. दुसऱ्या एका फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीने 'चि. बाळची मुंज' एवढेच लिहिले होते. पुराच्या पाण्यात इतके दिवस राहूनही ते काल लिहिल्यासारखे वाचता येत होते. त्या दिवसापासून कुठलाही फोटो हाती आला की मी आधी त्याची पाठ पाहतो.

जगभरचे फोटोसंग्राहकही तेच करतात. पाठीवर सही आहे का, शिक्का कुणाचा, प्रत कोणत्या साली काढली, किती प्रतींपैकी कितवी, हे सगळे तिथे कळते. मॅन रे या कलावंताने १९२४ साली काढलेल्या एका फोटोची मूळ प्रत २०२२ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या लिलावात एक कोटी चोवीस लाख डॉलरला गेली. त्याआधी २०११ मध्ये आंद्रेआस गुर्स्कीच्या ऱ्हाइन नदीच्या फोटोला ४३ लाख डॉलर मिळाले होते. एका निगेटिव्हवरून हजार प्रती निघू शकतात, मग एका प्रतीला एवढे मोल कसले, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर असे की संग्राहक चित्र विकत घेत नाही, तो ती विशिष्ट प्रत घेतो. मॅन रेची प्रत त्याच्या स्वतःच्या काळातली, त्याच्या हाताखालून गेलेली होती.

आपल्या दोन जिल्ह्यांकडे मी याच नजरेने पाहू लागलो. माझे म्हणणे असे की सातारा-सांगलीत फोटोंचा संग्रह आहेच. तो पेट्यांत, माळ्यांवर, बंद पडलेल्या स्टुडिओंच्या मागच्या खोल्यांत आणि देवघराशेजारच्या भिंतींवर विखुरलेला आहे. नाही तो संग्राहक. आणि जपायचा आहे तो कागद, कारण चेहरा ओळखणारे माणूस गेले की कागदच बोलतो.

फोटो हे माध्यम जन्मले तेच मुळी साताऱ्याच्या इतिहासातल्या एका काळ्या वर्षी. १९ ऑगस्ट १८३९ या दिवशी पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची कृती जगाला खुली करण्यात आली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत साताऱ्यात इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढले. १८४७ साली काशीत महाराजांचा अंत झाला, १८४८ मध्ये संस्थानही खालसा झाले. साताऱ्याच्या छत्रपतींचे चेहरे म्हणून आपण जे पाहतो ते कुंचल्यातून आलेले आहे, ते याचमुळे. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनमध्ये जाऊन राहिले, त्याच वर्षांत त्या शहरात पहिले फोटो स्टुडिओ उघडत होते. पहिला १८४१ चा.

दागेरचा फोटो चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे आणि तो एकुलता एक असे. त्याची प्रत निघत नसे. इंग्लंडात टॅलबटने कागदी निगेटिव्ह काढली आणि एका चित्राच्या अनेक प्रती शक्य झाल्या. फोटो जमवणाऱ्यांचे सगळे वाद या दोन पद्धतींच्या फरकातून निघाले आहेत. मग १८५१ मध्ये काचेवरची ओली प्लेट आली. काचेवर रसायन ओतायचे, ओले असतानाच फोटो घ्यायचा, ओले असतानाच धुवायचा. दख्खनच्या उन्हाळ्यात ते रसायन किती लवकर सुकत असेल याची कल्पना केली तरी त्या माणसांबद्दल आदर वाटतो. प्रती निघत त्या अंड्यातल्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या पातळ कागदावर. घरात एखादा पिवळट तपकिरी, कार्डावर चिकटवलेला फोटो असेल आणि भिंगातून त्याच्या कागदाचे तंतू दिसत असतील, तर तो बहुधा याच जातीचा, एकोणिसाव्या शतकातला.

मराठी माणसाने हे तंत्र उचलायला वेळ लावला नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः चांगले फोटोग्राफर होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गातून तयार झालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा धंदा थाटला आणि त्यांचे फोटो १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात लागले. त्याच १८५५ मध्ये कॅप्टन बिग्ज यांची नेमणूक मुंबई इलाख्यातल्या जुन्या वास्तूंचे फोटो काढण्यासाठी झाली. जतच्या वेशीपलीकडचे विजापूर त्यांनी टिपले. १८६६ मध्ये त्या फोटोंचा भला थोरला ग्रंथ लंडनहून निघाला, आणि आज तो जगभरच्या संग्रहालयांत सांभाळून ठेवलेला असतो. शेजारच्याच मुलखात काढलेले हे फोटो आपल्याला पाहायचे तर ब्रिटिश लायब्ररीकडे पाहावे लागते.

आपल्या भागात फोटो आला तो संस्थानांच्या वाटेने. औंध, फलटण, सांगली, मिरज, जत, बुधगाव. इतक्या जवळजवळ इतक्या गाद्या, आणि प्रत्येक गादीला गव्हर्नरच्या भेटीचा, मुंजीचा, दसऱ्याचा फोटो हवा. या फोटोंकडे आपण सरंजामी थाट म्हणून पाहतो आणि पुढे जातो. जरा थांबून मागच्या रांगेकडे पाहावे. हुजऱ्या, माहूत, चवरीवाला, कोपऱ्यात हललेला आणि म्हणून धुरकट झालेला एक मुलगा. या लोकांची दुसरी नोंद कुठे झालेली नसते.

कागद जपणारा एक थोर माणूस साताऱ्यात होऊन गेला. दत्तात्रय बळवंत पारसनीस. मराठेशाहीचे कागद, चित्रे, नकाशे यांचा त्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला. 'सातारा', 'महाबळेश्वर', 'सांगली संस्थान' अशी त्यांची इंग्रजी पुस्तके आहेत. छापील चित्रांची पाने इतिहासाच्या पुस्तकात मानाने यायला हवीत, ही त्यांची समज त्या काळात फार पुढची होती. १९२५ साली साताऱ्यात त्यांच्या संग्रहासाठी इमारत उभी राहिली. पुढच्याच वर्षी ते गेले आणि १९३९ मध्ये संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला गेला. तिथे तो अभ्यासकांच्या उपयोगी पडला, हे खरेच. पण गावात जमवलेली वस्तू गावात टिकत नाही, ही रुखरुख साताऱ्याला तेव्हापासून आहे.

औंधाची गोष्ट वेगळी, आणि मला ती सर्वांत जवळची. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि हौशीने जमवणारे होते. यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये त्यांनी बांधलेल्या भवानी संग्रहालयात रविवर्मा आहे आणि हेन्री मूरचे माय-लेकराचे शिल्पही आहे. माण-खटावच्या दुष्काळी टापूत मूर येऊन बसला तो एका माणसाच्या नजरेमुळे. भवानरावांना छापील चित्राची ताकद नेमकी कळली होती. त्यांनी 'चित्ररामायण' काढले, वेरूळ आणि अजिंठ्यावर पुस्तके केली. त्यांच्या सूर्यनमस्काराच्या पुस्तकात नमस्काराच्या एकेका स्थितीचे फोटो छापले होते. ते शब्दांत सांगून कुणाला जमले नसते. व्यायाम शिकवणारा फोटो आणि भिंतीवर लावायचा फोटो यांत त्यांनी भेद केला नाही, आणि मलाही तो फारसा पटत नाही.

याच औंधात १९१८ च्या सुमारास पंडित सातवळेकर येऊन राहिले. वेदांचे भाष्यकार म्हणून त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो. पण त्याआधी ते चित्रकार आणि फोटोग्राफर होते. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले, हैदराबादेत चित्रे आणि फोटो यांवर पोट भरलेले, मग लाहोरात स्टुडिओ चालवलेले. वेदांच्या संहिता शुद्ध छापण्याचा त्यांचा आग्रह आणि निगेटिव्हवरचा बारीक ठिपका पेन्सिलीने भरणारा हात, हे एकाच माणसाचे आहेत हे लक्षात आले की मला फार बरे वाटते.

त्यांच्याकडे चित्रकलेचे धडे घेतलेले शंकरराव किर्लोस्कर पुढे औंधच्याच हद्दीत, कुंडल रोडच्या माळावर १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत संपादक झाले. कारखाना काढणारे लक्ष्मणराव स्वतः चित्रकार व्हायला मुंबईला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून तो रस्ता सोडून ते यंत्रांकडे वळले. नांगर आणि मोटेचे रहाट करणाऱ्या वाडीतून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले, मग 'स्त्री', मग 'मनोहर'. फोटोच्या इतिहासात या मासिकांना मी मोठी जागा देतो. हाफटोन ब्लॉकने छापलेला फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. त्या जाळीतून खेड्यातल्या घराने पहिल्यांदा विमान पाहिले, परदेशातली शहरे पाहिली, सभेत बोलणारी बाई पाहिली. लोकांनी ती पाने कापून चौकटीत लावली. लिलावाच्या भाषेत त्यांना किंमत नाही, कारण ती छपाई आहे, फोटोची प्रत नाही. पण एखाद्याने या तीन मासिकांचे अंक नुसते फोटोंसाठी जमवले, तर विसाव्या शतकातल्या मराठी डोळ्याचा तो सर्वांत चांगला संग्रह होईल.

मूळ प्रत का महत्त्वाची, हे समजायला लांब जायला नको. खंडाळा तालुक्यातल्या नायगावला सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. जोतीरावांचे मूळ गाव खटावातले कटगुण. आज प्रत्येक शाळेत सावित्रीबाईंची तसबीर आहे. ती रंगवलेली आहे, आणि तीही दुसऱ्या चित्रावरून, ते आणखी कशावरून. प्रत्येक पिढीच्या चित्रकाराने चेहरा थोडा गोरा केला, कुंकू थोडे मोठे केले, नजर थोडी मवाळ केली. १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेलेल्या त्या बाईचा खरा, राकट, उन्हातला चेहरा कागदावर जसा उमटला असेल तसा पाहावा असे मला फार वाटते. एक मूळ प्रत हरवली की तिची जागा घ्यायला हजार प्रती येतात, आणि त्या हजारांत ती नसते.

उलट उदाहरण बालगंधर्वांचे. पलूस तालुक्यातले नागठाणे हे त्यांचे मूळ गाव. स्त्रीवेषातले त्यांचे फोटो घरोघर होते. बायका त्या फोटोंवरून नेसणे आणि अंबाडा घालणे शिकल्या, असे जुनी माणसे सांगत. नाटक त्या रात्रीपुरते आणि आवाज तबकडीपुरता. पदराचा घोळ मात्र त्या चमकदार कागदावर राहिला. शेजारच्या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा घडवला, ती कथा इथे नुसती आठवून पुढे जातो.

खरा पसारा आहे तो तालुक्याच्या गावच्या स्टुडिओंचा. साताऱ्यात राजवाड्याभोवती, सांगलीत हरभट रोडला, कराडात, वाईत, मिरजेत. आत शिरले की पडदा, त्यावर रंगवलेला जिना, कमान, कधी कारंजे. पुढे लाकडी कठडा किंवा उंच तिपाई. गिऱ्हाईक बसले की हनुवटी जराशी वळवायची, "हलू नका" म्हणायचे. तिघांचा फोटो काढायचा नाही, एकजण जातो, ही समजूत इतकी घट्ट होती की तिघे आले तर कुणाचे तरी पोर मध्ये बसवत. फोटोने आयुष्य कमी होते म्हणून आयुष्यभर न काढणाऱ्या आज्याही होत्या, आणि त्या गेल्यावर हार घालायला फोटोच नाही म्हणून चित्रकाराकडून लेकीच्या चेहऱ्यावरून आईचा चेहरा काढून घेतलेला आहे.

एक जुने कारागीर काम करताना मी जवळ बसून पाहिले आहे. निगेटिव्ह काचेच्या उतरत्या चौकटीवर ठेवलेली, खालून आरशाने उजेड वर पाठवलेला. पेन्सिलीचे टोक सॅंडपेपरवर घासून सुईसारखे केलेले. डोळ्याखालची सुरकुती निगेटिव्हवर फिकी दिसते. तिच्यावर ते स्वल्पविरामाएवढ्या रेघा ओढत गेले, शेकडो, श्वास रोखून. याला ते 'टचिंग' म्हणत. प्रत निघाली तेव्हा ती बाई दहा वर्षांनी लहान झाली होती, पण तिच्या ओठाजवळचा तीळ त्यांनी जपला होता. "तो काढला तर घरचे ओळखायचे नाहीत," ते म्हणाले. हायपोचा वास, बोटांवरचे तपकिरी डाग, लाल दिव्यात पाण्याखाली हळूहळू वर येणारा चेहरा. या माणसांना आपण कलावंत म्हटले नाही. त्यांनीही स्वतःला म्हटले नाही.

फोटो ही कला आहे का, यावर जगात खूप भांडण झाले. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टिग्लिट्झने १९०३ ते १९१७ 'कॅमेरा वर्क' हे त्रैमासिक चालवले आणि फोटो चित्रांच्या शेजारी टांगले. १९४० मध्ये तिथल्या आधुनिक कला संग्रहालयाने फोटोंचा स्वतंत्र विभाग काढला. मुंबईत १९३७ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली आणि तिने हौशी छायाचित्रकारांच्या पिढ्या घडवल्या. धुके, नदीचा घाट, पाठमोरी बैलगाडी असे फोटो प्रदर्शनांत लागू लागले. त्यातले काही फार सुंदर आहेत. तरी माझे मन त्या धुक्यापेक्षा कराडच्या पडद्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसांत जास्त रमते.

यात मी एकटा नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमध्ये सेदू केइताने १९४८ मध्ये स्टुडिओ उघडला. पडदा, उसना रेडिओ, उसने घड्याळ, ऐटीत बसलेले गिऱ्हाईक, सगळे आपल्यासारखेच. त्याचे आणि मलिक सिदिबेचे फोटो १९९० नंतर पॅरिस-न्यूयॉर्कच्या भिंतींवर गेले, आणि २००७ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात सिदिबेला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. पण तिथेही पाठीचा प्रश्न उभा राहिलाच. केइताने गिऱ्हाइकाला दिलेली प्रत तळहाताएवढी होती; कलादालनात लागली ती परदेशात मोठी करून काढलेली. खरा केइता कोणता? माझे उत्तर छोट्या प्रतीच्या बाजूने आहे. ती कुणाच्या तरी खिशात राहिलेली आहे.

आपल्या देशात हे काम मनापासून केलेल्यांत पहिले नाव इब्राहिम अल्काझींचे. पुण्यात जन्मलेला, नाटकात हयात घालवलेला हा माणूस उतारवयात जुन्या भारतीय फोटोंच्या मागे लागला. परदेशी लिलावांतून त्यांनी हजारो प्रती परत आणल्या, आणि त्यांच्या नावाची संस्था आज दिल्लीत तो संग्रह सांभाळते आणि त्यावर अभ्यासपूर्ण ग्रंथ काढते. मुंबईत एनसीपीएमध्ये १९८८ पासून फोटोंसाठी वेगळे दालन आहे. बंगळूरला कला आणि छायाचित्रांचे खासगी संग्रहालय २०२३ मध्ये खुले झाले. बाजाराचे दुसरे टोक पुण्याच्या जुन्या बाजारात आहे. वाडा पाडला की तिथले अल्बम तिथे येतात. अल्बममधून फोटो सुटे करून विकतात, आणि सुटा झाला की कोणत्या घरातला हे कायमचे पुसले जाते. असा एखादा अल्बम दिसला तर मिळेल त्या भावाने अख्खा घ्यावा, एक पान निवडू नये, असे मी कळकळीने सांगतो.

घरच्या पेटीतून सुरुवात करणाऱ्याला फार साधने लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि स्वच्छ हात पुरेत. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई. कडेला आरशासारखी निळसर चांदी चढली असेल तर ब्रोमाइडची जुनी प्रत. त्या चांदीला घाबरू नये, ती वयाची खूण आहे आणि पुसली तर प्रत जाते. कागद प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत आणि पाठीवर कंपनीचे नाव तिरपे छापलेले असेल तर १९७० नंतरचा. लालसर होत चाललेला रंगीत फोटो ऐंशीच्या दशकातल्या लॅबचा. त्याला वाचवायची सर्वांत जास्त घाई आहे, कारण आजोबांचा काळा-पांढरा फोटो अजून शंभर वर्षे राहील, पण आईच्या लग्नाचे रंग आजच उडताहेत. बडोद्यात बनलेला अ‍ॅग्फा क्लिक थ्री, उटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू' फिल्म, असे काही सामान त्या पेटीत सापडले तर तेही टाकू नये. काढण्याचे वर्ष ठरवायला त्याचा उपयोग होतो.

कृष्णाकाठी फोटोचे शत्रू ठरलेले आहेत. ओल, बुरशी, कसर आणि हौस. हौसेत लॅमिनेशन सगळ्यांत वाईट, त्यातून फोटो पुन्हा निघत नाही. त्याखालोखाल सेलोटेप आणि चिकट पानांचे अल्बम. फोटो काचेला टेकवून फ्रेम करू नये, मध्ये माउंटची जाडी हवी. बाहेरच्या भिंतीवर टांगू नये. आम्लरहित कागदाचे पाकीट शहरात मिळते, महागही नाही. आणि तळमजल्यावर काही ठेवू नये. २००५, २०१९, २०२१ असे तीनदा पाणी आल्यावर हे सांगलीकरांना मी सांगायला नको, तरी सांगतो, कारण स्टुडिओंच्या निगेटिव्ह नेहमी जिन्याखालीच असतात.

कायद्याची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन आपण फोटो काढून घेतला आणि वेगळा करार झाला नाही, तर हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. निगेटिव्ह मात्र स्टुडिओत राहते. म्हणजे एका फोटोचे दोन वारस, एकाकडे हक्क आणि एकाकडे काच. स्टुडिओ बंद होतो तेव्हा मुलाला त्या काचांचे काय करावे कळत नाही आणि गावाला त्या आपल्या आहेत हे ठाऊक नसते. जगभर अशा काचा धुऊन खिडक्यांना बसवल्या गेल्या आहेत. ग्रंथालयांनी, नगरवाचनालयांनी या पेट्या मागून घ्याव्यात. एक कोरडी खोली आणि एक नोंदवही एवढ्याने सुरुवात होते. शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली देशाबाहेर नेता येत नाही, पण देशातल्या देशात भंगारात जायला तिला कायदा अडवत नाही.

आजच्या फोटोंबद्दलही तेवढीच काळजी वाटते. २०१२ मध्ये कास पठार जागतिक वारशात गेले. पाऊस सरत आला की तिथे सोनकी आणि तेरड्याचे जेवढे फोटो निघतात तेवढे पूर्वी जिल्ह्याच्या सगळ्या इतिहासात निघाले नसतील. बावधनच्या बगाडाचे, पालीच्या भंडाऱ्याचे फोटो तर श्वास थांबवतात. ही मुले तंत्रात कुठे कमी नाहीत. पण त्यांना विचारले, या फोटोची प्रत आहे का, तर मोबाइल पुढे करतात. जमवणाऱ्याच्या हातात देण्यासारखे काहीच नसते. चांगल्या सुती कागदावर, टिकाऊ शाईत पाच प्रती काढाव्या, पाठीवर नाव, ठिकाण, साल, पाचपैकी कितवी हे लिहावे आणि विकाव्या. आणि आपण, जे वास्तुशांतीला हजारोंचे पडदे घेतो, त्यांनी त्यातली एक विकत घ्यावी.

आत्याच्या पेटीतले एकेचाळीस फोटो वाचले. दिवाळीनंतर ती माझ्याकडे साताऱ्याला आली, तेव्हा टेबलावर पसरून आम्ही नावे लावायला बसलो. ती सांगे, मी मऊ शिसपेन्सिलीने, पाठीवर कडेला, न दाबता लिही. चेहरा गेलेला तो फोटो तिने दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. पुढे महिन्याभराने कराडला एका लग्नघरी भिंतीवर एक जोडप्याचा फोटो दिसला. मागे तोच पडदा होता. रंगवलेल्या कमानीच्या डाव्या खांबावर पडद्याला घडी पडून आलेली आडवी भेग, तशीच. पुढचा कठडाही तोच, दुसऱ्या खुंटीचा टवका उडालेला. यजमानांनी फ्रेम उघडू दिली. पाठीवर शिक्का पूर्ण होता, गाव कराड, आणि खाली साल १९३६.

आत्याला फोनवर सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आई लग्नाआधी कराडला मामाकडे होती, आणि त्या मुलीच्या हातातल्या पाटल्या जरा बघून सांग, तीन आहेत का चार. मी भिंग घेतले. तीन होत्या, आणि एक बांगडी, फिरकीची.

फोटोच्या पाठीवर निळ्या ढगाच्या खाली मी लिहिले: बहुधा आजी, वय सोळा-सतरा, कराड, १९३६ च्या सुमारास. पाटल्यांवरून.